'उडॉल्फो'चा काळा पडदा आणि त्याचे वाचक

विंचेस्टरच्या विद्यालयाचे दीर्घकाळ मुख्याध्यापक राहिलेले आणि पोपच्या काव्याचे चिकित्सक म्हणून मान्यता पावलेले डॉ. जोसेफ वॉर्टन यांच्याविषयी एक हकीगत प्रसिद्ध आहे. उतारवयात त्यांनी सहज चाळावी म्हणून एक कादंबरी हाती घेतली, आणि ती पुरी झाल्याशिवाय त्यांना अंथरुणाकडे जाता आले नाही. रात्रीचा बराच भाग त्यांनी दिव्यापाशी बसून काढला. ही गोष्ट त्यांनी स्वतः पुस्तकाच्या प्रकाशकाला सांगितली, आणि टॅलफोर्डने १८२६ साली लेखिकेचे चरित्र लिहिताना ती नमूद करून ठेवली. कादंबरी होती अ‍ॅन रॅडक्लिफ हिची 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'. ती १७९४ साली चार खंडांत निघाली, आणि रॉबिन्सन या प्रकाशकाने तिच्यासाठी ५०० पौंड मोजले होते. त्या काळी कादंबरीला एवढी रक्कम मिळणे ही नवलाची गोष्ट होती.

या हकीगतीत एक उणीव आहे, आणि ती उणीवच विचारात घेण्याजोगी आहे. कादंबरी मिटवल्यावर वॉर्टन यांचे तिच्याविषयी काय मत झाले, हे ती सांगत नाही. ती फक्त रात्र सांगते. उलट, 'उडॉल्फो'विषयी टीकाकारांनी जी मते लिहून ठेवली आहेत त्यांत मत भरपूर आहे आणि रात्र कोठेच नाही. वाचकाचे मत आणि वाचकाचे वाचन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचा निवाडा करण्याची जी सवय समीक्षेला लागली आहे, तिचा इतका बोलका दाखला दुसऱ्या एखाद्या कादंबरीच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

कथानकाची ओळख थोडक्यात करून द्यावयास हवी. काळ १५८४चा. फ्रान्समधील गॅस्कनी प्रांतात, गारोन नदीच्या काठी वाढलेली एमिली सेंट ऑबेर ही आईवडिलांच्या मृत्यूनंतर आत्याच्या आश्रयास येते. आत्या माँटोनी नावाच्या एका इटालियन गृहस्थाशी विवाह करते. एमिलीचे प्रेम व्हॅलनकोर्ट या तरुणावर असते, पण त्याच्यापासून तिला तोडून प्रथम व्हेनिसला आणि मग अपेनाइन्स पर्वतातील उडॉल्फोच्या गढीत नेण्यात येते. तेथे रात्री कोठून तरी संगीत ऐकू येते. माँटोनी बोलत असता भिंतीतून कोणीतरी त्याचे शब्द उच्चारते. एमिलीच्या शयनगृहाचे एक दार आतून बंद करता येत नाही आणि रात्री ते बाहेरून कोणीतरी अडकवून जाते. एका दालनात काळ्या पडद्याने झाकलेली एक चौकट असते. नोकरचाकर तिच्याविषयी कुजबुजतात. दुसऱ्या खंडात एमिली तो पडदा उचलते आणि मूर्च्छा येऊन पडते. तिला काय दिसले, हे लेखिका सांगत नाही.

ते कळते चौथ्या खंडाच्या शेवटी. पडद्यामागे प्रेत नव्हते, मेणाची आकृती होती. कफनात गुंडाळलेली, किड्यांनी खाल्लेली अशी ती मृतदेहाची प्रतिकृती गढीच्या कोणा पूर्वजाला धर्मसंस्थेने प्रायश्चित्त म्हणून दररोज पाहावयास लावलेली होती. इतर रहस्यांचीही हीच गत होते. भिंतीतला आवाज हा दु पाँ नावाच्या कैद्याचा असतो, आणि रात्रीचे गाणेही त्याचेच. भुताटकीच्या दालनातून बेपत्ता झालेला नोकर लुडोव्हिको याला चाचांनी गुप्त वाटेने पळवलेले असते. एकही भूत शेवटपर्यंत भूत म्हणून टिकत नाही. रॅडक्लिफच्या या पद्धतीला मराठीत सकारण अद्भुत म्हणता येईल.

पुस्तक निघाले त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्यात, 'क्रिटिकल रिव्ह्यू'मध्ये त्याचे परीक्षण आले. दीर्घकाळ ते कोलरिजच्या नावावर मोडत असे, पण पुढील संशोधकांनी त्याविषयी शंका घेतली आहे. परीक्षण प्रतिकूल नाही. मात्र लेखिका कुतूहल इतक्या उंचीवर नेते की कोणतेही उत्तर त्या उंचीला पुरे पडू शकत नाही, अशी परीक्षकाची तक्रार आहे. १८२४ साली वॉल्टर स्कॉटने रॅडक्लिफच्या कादंबऱ्यांना प्रस्तावना लिहिली तेव्हा हीच तक्रार अधिक विस्ताराने मांडली. ज्या भीतीत आपण सहभागी झालो तिचे कारण इतके क्षुल्लक होते हे कळल्यावर वाचकाला फसवल्यासारखे वाटते, आणि कुतूहलावर उभे असलेले हे आकर्षण दुसऱ्या वाचनास उरत नाही, असे त्याचे म्हणणे. येथून पुढे हे मत टीकाग्रंथांतून आणि वाङ्मयेतिहासांतून असे रूढ झाले की, पुस्तक न वाचलेल्यालाही ते पाठ असावे.

स्कॉटवर मात्र अन्याय होऊ नये. त्याच प्रस्तावनेत तो सांगतो की 'उडॉल्फो' निघाली तेव्हा मोठ्या कुटुंबांतून तिचे खंड या हातातून त्या हातात अक्षरशः हिसकावले जात. आजारी आणि एकाकी माणसाला अशा कादंबऱ्या वेदनाशामक औषधाप्रमाणे उपकारक होतात, एरवी त्यांचे व्यसन घातक, हेही तो म्हणतो. म्हणजे त्याने घडलेले वाचन पाहिले होते आणि ते प्रामाणिकपणे नोंदवलेही होते. फक्त निर्णय देताना त्याने त्या हिसकाहिसकीला साक्षीस बोलावले नाही. साक्ष घेतली ती चौथा खंड मिटवून बसलेल्या, किंचित ओशाळलेल्या वाचकाची.

हा वाचक ओशाळलेला का असतो? रात्री जिन्यावरच्या सावलीला भ्यालेला मनुष्य सकाळी ती सावली खुंटीवरच्या अंगरख्याची होती असे पाहतो, तेव्हा त्याला राग येतो तो अंगरख्याचा. आपण भ्यालो हे तो नाकारू शकत नाही, म्हणून आपल्याला भिवविले गेले ते गैर होते, असे तो म्हणू लागतो. 'उडॉल्फो'विषयीच्या लिखित मतांपैकी पुष्कळशी मते ही अशी सकाळची मते आहेत. ती खोटी नाहीत, पण रात्रीविषयी ती अधिकारवाणीने बोलतात, तेथे त्यांच्यावर विसंबता येत नाही.

अ‍ॅना लेटिशिया एकिन ही (पुढे ती बार्बोल्ड या नावाने प्रसिद्ध झाली) रॅडक्लिफच्या एकवीस वर्षे आधी, १७७३ साली, याच प्रश्नाशी येऊन थांबली होती. भयंकर गोष्टी वाचण्यात सुख कसले, असा तिचा प्रश्न. एक उत्तर तिने असे दिले की, कुतूहल एकदा जागे झाले म्हणजे ते अतृप्त ठेवण्याच्या अस्वस्थतेपेक्षा मनुष्य वाचनातली वेदना पत्करतो. हे उत्तर तिला स्वतःला पुरेसे वाटले नाही, आणि तिने कल्पनाशक्तीच्या उन्नयनाचा दुसरा मुद्दा त्याला जोडला. परंतु त्या पहिल्या उत्तरात वाचनाच्या मध्यावरच्या मनाचे जे वर्णन आहे, ते 'उडॉल्फो'च्या कोणत्याही परीक्षणापेक्षा 'उडॉल्फो'ला अधिक लागू पडते. वर्गणीच्या वाचनालयातून एकेक खंड घरी येत असे. दुसरा खंड संपला आणि पुढला कोणा दुसऱ्या वर्गणीदाराकडे असला, म्हणजे एमिलीने काय पाहिले या प्रश्नासह वाचकाला कित्येक दिवस घरातले व्यवहार करावे लागत. त्या दिवसांतल्या मताला पुस्तकात काही स्थान आहे की नाही?

सुदैवाने असे एक मत शिल्लक आहे, जरी ते कल्पित पात्राचे असले तरी. जेन ऑस्टेनची 'नॉर्दँगर अ‍ॅबी' ही कादंबरी शतक संपता संपता लिहिली गेली आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर १८१७च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. रॅडक्लिफची टर उडवणारे पुस्तक अशी तिची ख्याती आहे. ती टर आहेच. पण त्याहीपेक्षा तो 'उडॉल्फो'च्या वाचकांचा एक संग्रह आहे, आणि ऑस्टेनने त्यांची निवड मोठ्या मिस्कीलपणे केलेली आहे. कॅथरीन मॉर्लंड ही सतरा वर्षांची मुलगी बाथ शहरी 'उडॉल्फो' वाचत आहे. ती काळ्या पडद्यापर्यंत आली आहे. पडद्यामागे लॉरेंटिनाचा सांगाडा असणार, अशी तिची खात्री आहे, आणि तरीही कोणी सांगू नये अशी तिची विनवणी आहे. मैत्रीण इझाबेला पुढचे जाणते, पण सांगत नाही. हेन्री टिल्नी हा सुशिक्षित तरुण धर्मोपदेशक. कादंबऱ्यांना हसणे हे पुरुषाच्या बुद्धीचे लक्षण समजले जात असता, तो सरळ कबूल करतो की, 'उडॉल्फो' त्याने दोन दिवसांत संपवली आणि सबंध वेळ अंगावर काटा होता. बहिणीला मोठ्याने वाचून दाखवण्याचे वचन मोडून तो पुस्तक घेऊन पळाला होता, हीही हकीगत निघते. आणि मग आहे जॉन थॉर्प. त्याने 'उडॉल्फो' वाचलेली नाही. कादंबऱ्या म्हणजे निव्वळ मूर्खपणा, फक्त 'टॉम जोन्स' आणि 'द माँक' वाचण्याजोग्या, असा त्याचा निर्वाळा. वाचलीच तर आपण मिसेस रॅडक्लिफची वाचू, असेही तो म्हणतो. 'उडॉल्फो' तिचीच आहे, हे त्याला कॅथरीनकडून कळते.

वाचकमताचे जे प्रकार समीक्षेपुढे येतात ते जवळजवळ सर्व येथे आहेत. कोणी मध्यावर आहे, कोणी वाचून कबुली देतो, कोणी न वाचता निकाल देतो. वाचून झाल्यावर फसवणुकीचा बोभाटा करणारा वाचक मात्र ऑस्टेनने घेतलेला नाही. मेणाची आकृती कळल्यावर कॅथरीनला काय वाटले, ते कादंबरीत कोठेही येत नाही. ज्या गोष्टीवर स्कॉटने परिच्छेद खर्च केले, ती ऑस्टेनला उल्लेखनीयही वाटली नाही. याला योगायोग म्हणणे कठीण आहे, कारण या लेखिकेने जे गाळले ते विचारपूर्वक गाळले, असाच तिचा लौकिक आहे.

मग स्कॉटच्या तक्रारीत तथ्य नाही काय? आहे, पण ते त्याने दाखवले तेथे नाही. एमिलीचे अश्रू, तिच्या कविता, पर्वतांवर पडणारे संध्याकाळचे ऊन (आणि ते फार वेळा पडते), हे सारे लेखिका वाचकाला विनासंकोच देते. एमिलीच्या मनाचे एकही दार ती बंद ठेवत नाही. पडद्यापाशी मात्र तेच दार एकाएकी लागते. मृत्यूपूर्वी वडिलांनी जाळावयास सांगितलेल्या कागदांवर एमिलीची नजर जाते तेव्हाही हेच होते. तिने काय वाचले ते तिला ठाऊक, वाचकाला नाही. दोष भूत नसण्यात नाही. नायिकेला दिसलेली वस्तू वाचकापासून दडवण्यात आहे. गढीतल्या आवाजाच्या बाबतीत असे घडत नाही, कारण तेथे एमिली आणि वाचक दोघेही सारखेच अंधारात असतात, आणि तो प्रसंग पुन्हा वाचला तरी त्याची धार जात नाही.

येथे आपल्या साहित्यशास्त्राची परिभाषा उपयोगी पडावी. भरताने भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत व्याजजन्य भय, म्हणजे बतावणीतून उपजणारे भय, हा एक स्वतंत्र प्रकार म्हणून मान्य केला आहे. भयाचे कारण खोटे ठरल्याने भय खोटे ठरते, हा स्कॉटचा समज, नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला तरी सहजासहजी पटू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रॅडक्लिफने स्वतः एका संवादात भीतीचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. हा संवाद तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १८२६ साली, एका मासिकात छापला गेला. एक भीती मनाला विस्तारते, जागे करते. दुसरी त्याला आखडते, गोठवते. इंग्रजीत त्यांना दोन शब्द आहेत, टेरर आणि हॉरर. मराठी भाषांतरकार येथे अडतो. धास्ती, धसका, दहशत, थरकाप यांपैकी कोणतीही जोडी लावली तरी भेद मात्रेचा होतो, जातीचा होत नाही. पण रसांची नावे घेतली की तो आपोआप उलगडतो. पहिला भयानक, दुसरा बीभत्साकडे झुकणारा, जेथे भयात जुगुप्सा मिसळलेली असते. 'उडॉल्फो' वाचून उत्तेजित झालेल्या मॅथ्यू लुइसने १७९६ साली 'द माँक' लिहिली. ती या दुसऱ्या वाटेने गेली आणि तळघरातल्या कुजलेल्या देहांपाशी पोचली.

या दृष्टीने काळा पडदा पुन्हा पाहावा. दोन खंडभर वाचक भयानकात वावरलेला असतो. उत्तर म्हणून त्याच्यापुढे ठेवली जाते ती किड्यांनी खाल्लेल्या चेहऱ्याची आकृती, म्हणजे शुद्ध बीभत्स; आणि लगेच सांगितले जाते की तेही मेणाचे. रस एकदा बदलतो आणि लगोलग विरतो. वाचकाचा जो हिरमोड होतो तो या रसभंगाचा आहे. 'भूत हवे होते' असे तो म्हणतो, कारण त्याला आपल्या हिरमोडाचे दुसरे नाव सुचत नाही.

भूत मिळाले असते तर वाचक तृप्त झाला असता काय? याचे उत्तर रॅडक्लिफच्याच लेखनात आहे. 'गॅस्टन दि ब्लाँडव्हिल' या तिच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत खरेखुरे भूत आहे. ते उलगडत नाही, मेणाचे निघत नाही. टीकाकारांनी मागितले ते सारे तीत आहे, आणि ती आज अभ्यासकांखेरीज कोणी वाचत नाही. पुढे १९७० साली तोदोरोव्हने अद्भुताची व्याख्या करताना म्हटले की, ते वाचकाच्या दोलायमानतेत असते; भूत आहे असे ठरले तरी ते संपते आणि नाही असे ठरले तरी संपते. रॅडक्लिफच्या वाचकांनी ही गोष्ट जागरणे करून आधीच सिद्ध केली होती. आज अतिमानुष प्रणयकथांचा एक स्वतंत्र वर्गच प्रकाशनव्यवसायात रूढ आहे, आणि भूत खरे की खोटे याची हमी बहुधा वेष्टनावरच दिलेली असते. १७९४च्या वाचकाला अशी हमी नव्हती. त्याची भीती अंशतः या अज्ञानाची होती.

आपल्याकडेही 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्यावर अद्भुतरम्य असा शिक्का मारून पुढे जाण्याची रीत पडली आहे. त्या कादंबऱ्यांत काय संभवते आणि काय संभवत नाही याची मोजदाद पुष्कळ झाली. त्या वाचणाऱ्याला कोठे थांबवता आले नाही, हा प्रश्न त्या मानाने थोडा विचारला गेला. तो विचारला तर त्यांचे दोष कमी होतील असे नव्हे. पण कोणते दोष खरोखरीचे, हे तरी ठरेल.

'उडॉल्फो'च्या बाबतीत तो प्रश्न विचारला की उत्तर माँटोनी हे येते. १७९४च्या मे महिन्यात हेगहून आईला लिहिलेल्या पत्रात अठरा वर्षांच्या लुइसने ही कादंबरी अतिशय चित्तवेधक असल्याचे कळवले. आणि माँटोनीत व आपल्यात काही साम्य दिसते का, असे विचारून, तो खलपुरुष असल्यामुळे त्या साम्याचा आपल्याला फारसा अभिमान वाटला नाही, असेही लिहिले. पत्रातले हे बोलणे अर्धवट थट्टेचे आहे, पण त्याची नजर बरोबर ठिकाणी गेली होती. गढीतली सर्व भुते उलगडतात. माँटोनी उलगडत नाही, कारण त्याच्यात गूढ असे काहीच नाही. त्याला मालमत्ता हवी आहे. पत्नीच्या नावे राखलेली जमीन त्याला सही करून हवी असते. ती सही देत नाही, म्हणून तिला बुरुजात कोंडले जाते, आणि ती तेथे खंगून मरते. मग तोच कागद एमिलीपुढे येतो. ती बराच काळ नकार देते, अखेर सुटकेच्या आशेने सही करते, आणि सही झाल्यावर सुटका नाकारली जाते. येथे भिंतीतून आवाज येत नाही, दिवा विझत नाही. वर्ष १५८४चे आणि देश इटली असला तरी, लंडनच्या वाचनालयातून हा खंड घरी नेणाऱ्या विवाहितेला तो कागद परका वाटण्याचे कारण नव्हते. विवाहाबरोबर स्त्रीची चीजवस्तू नवऱ्याची होत असे, आणि इंग्लंडच्या कायद्याने ही स्थिती पुरती बदलण्यास १८८२ साल उजाडावे लागले. चौथ्या खंडातल्या स्पष्टीकरणांनी भुतांचे भय ओसरते. या कागदाचे ओसरत नाही. म्हणून 'फसवले गेलो' ही तक्रार पुस्तकाच्या निम्म्याच भयाविषयी आहे, आणि ते निम्मे कमी महत्त्वाचे आहे.

कॅथरीन मॉर्लंडला हे समजले होते असे म्हणता येणार नाही, पण तिने वाचलेल्या पुस्तकाला ते समजले होते. नॉर्दँगरला पाहुणी म्हणून गेल्यावर ती पेटाऱ्यात आणि कपाटात रहस्ये शोधते. कपाटातल्या गुंडाळीत तिला सापडतात धोब्याच्या याद्या. जनरल टिल्नीने पत्नीचा घात केला असावा, हाही तिचा तर्क खोटा ठरतो. हेन्री तिला समज देतो, ती रडते. टर उडवणारे टीकाकार बहुधा येथेच पुस्तक मिटतात. पण त्यापूर्वी एका संध्याकाळी दिवाणखान्यात खाली मान घालून येरझारा घालणाऱ्या जनरलला पाहून तिला आठवण होते ती कोणा भुताची नव्हे, माँटोनीची. पुढे कॅथरीनला वारसाहक्काने काही मिळणार नाही असे जनरलच्या कानी येते. रविवारी सकाळी सात वाजता तिला गाडीत बसवून घराबाहेर काढले जाते. बरोबर नोकर नसतो आणि पुढे सत्तर मैलांचा रस्ता असतो. भाड्यापुरते पैसे जवळ आहेत का, हे निघता निघता एलिनॉर टिल्नी विचारते म्हणून बरे. ते नसतात.